चार बाया बसून बोलल्या, तर बाळं जगतात का?



बचत गटाची बैठक कशी होते, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. हप्ता गोळा होतो, कर्जाचा हिशेब होतो, सह्या-अंगठे होतात. मग कुणीतरी हळूच म्हणतं, "अगं, अमकीच्या सुनेला सातवा महिना लागलाय, पायांवर सूज आहे." बोलणं तिकडे वळतं. एक जण घरचा उपाय सांगते, दुसरी म्हणते आशाताईला बोलवा, तिसरी म्हणते दवाखान्यात न्या. तेवढ्यात ओट्यावरून कुणा कारभाऱ्याचा आवाज येतो, "झाल्या यांच्या गप्पा सुरू!"

आज आम्ही या गप्पांबद्दलच बोलणार आहोत. बायकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसायचं, बाळंतपणातल्या अडचणींवर बोलायचं, त्यावर आपणच मार्ग काढायचा. एवढ्यानं खरंच बाळं जगतात का? बाळंतिणी वाचतात का?

हा प्रश्न कुणी थट्टेनं विचारलेला नाही. नेपाळ, भारत, बांगलादेश आणि आफ्रिकेतला मलावी अशा चार देशांत तो मोजून तपासला गेला. गंमत म्हणजे उत्तरं वेगवेगळी आली. कुठे "हो" आलं, कुठे "काही फरक नाही" आलं. मग ही सगळी उत्तरं एका जागी मांडून त्यांचा ताळेबंद केला गेला आणि त्यावरून मोठे निर्णय झाले. अशा ताळेबंदाला पद्धतशीर आढावा म्हणतात. इंग्रजीतला शब्द सिस्टिमॅटिक रिव्ह्यू. नाव जड आहे, पण काम आपल्या ओळखीचं आहे. तो कसा करतात, त्यावर किती भरवसा ठेवावा आणि आपल्या गटानं त्यातून काय घ्यावं, ते आज पाहू.

एकीचा अनुभव का पुरत नाही

आपल्याकडे औषधाची परीक्षा कशी होते? "माझ्या नणंदेनं घेतलं, तिला गुण आला." पण नणंदेला गुण औषधानं आला, की दुखणं आपोआपच ओसरलं? साधी सर्दी काही न करताही आठवड्यात जाते. त्या आठवड्यात तुम्ही काढा घ्या, अंगारा लावा नाहीतर शंभर रुपयांची बाटली आणा, श्रेय त्यालाच मिळतं.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. आजी म्हणतात, "माझ्या पाचही लेकरांना जन्मल्या जन्मल्या मध चाटवला. काय झालं त्यांना?" आजी खोटं बोलत नाहीत. त्यांची लेकरं जगली, म्हणून त्या आज सांगायला बसल्या आहेत. पण जिचं बाळ चौथ्या दिवशी गेलं, ती बाई बैठकीत तोंड उघडत नाही. तिचा अनुभव मोजलाच जात नाही. म्हणून फक्त सांगणाऱ्यांचं ऐकून निर्णय घेतला, तर तो अर्धवट माहितीवर घेतलेला असतो. खरं काय ते कळायचं असेल, तर ज्यांनी केलं आणि ज्यांनी केलं नाही, अशा दोघींकडची सगळी बाळं मोजावी लागतात. जगलेलीही आणि गेलेलीही.

नेपाळातल्या चिठ्ठ्या

असं मोजण्याचं काम नेपाळच्या मकवानपूर या डोंगराळ जिल्ह्यात झालं. तिथे बहुतेक बाळंतपणं घरीच व्हायची. अभ्यास करणाऱ्यांनी जिल्ह्यातले २४ भाग निवडले, त्यांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतल्या कोणत्या भागात महिला गट सुरू करायचे, ते नशिबावर सोडलं. आपण भिशीत चिठ्ठी उचलतो ना, तसंच. भिशीत चिठ्ठी का? कुणी आपल्या माणसाला पुढे ढकलू नये म्हणून. इथेही तेच कारण होतं. नाहीतर मुळात बरी, रस्त्यालगतची गावं गटांच्या वाट्याला आली असती आणि मग फरक गटांमुळे पडला की रस्त्यामुळे, हे कधीच कळलं नसतं.

गट असलेल्या १२ भागांत गावातलीच एक ताई बैठका घ्यायची. ती डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती. ती भाषण देत नव्हती, प्रश्न विचारायची. आपल्याकडे बाळंतपणात काय काय बिघडतं? त्यातलं सगळ्यात मोठं कोणतं? त्यावर आपल्या हातात काय आहे? मग बायकांनी ठरवायचं, करायचं आणि काही महिन्यांनी पुन्हा बसून पाहायचं की जमलं का. चित्रांची कार्डं होती, खेळ होते, गोष्टी होत्या. गटांनी अडीअडचणीसाठी पैशाचा निधी उभा केला. बाईला डोंगरावरून खाली न्यायला स्ट्रेचरची सोय केली. स्वच्छ ब्लेड, दोरा, साबण असं बाळंतपणाचं साहित्य घरोघरी पोचवलं.

आता आकडे ऐका. गट असलेल्या भागांत २,८९९ बाळं जिवंत जन्मली. त्यातली ७६ पहिल्या महिन्यातच गेली. गट नसलेल्या भागांत ३,२२६ जन्मली, त्यातली ११९ गेली. म्हणजे हजारी हिशेब धरला तर एकीकडे सुमारे २६ आणि दुसरीकडे सुमारे ३७. आयांचं पाहिलं तर गटांच्या भागात २ मृत्यू, दुसरीकडे ११. हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. बायकांच्या बैठकांना असं फळ येईल, यावर अनेकांचा विश्वास बसला नाही.

मग बाकीच्या ठिकाणी काय झालं?

विश्वास लगेच ठेवूही नये. नेपाळातल्या एका जिल्ह्यात झालं, म्हणून सगळीकडे होईल असं कुठे आहे? आयांचे आकडे पाहा. दोन आणि अकरा. इतक्या लहान आकड्यांत योगायोगही बराच असू शकतो.

म्हणून इतर ठिकाणी तपासणी झाली. झारखंड आणि ओडिशातल्या आदिवासीबहुल गावांत २००५ ते २००८ या काळात असेच गट चालवले. नवजात बाळांचे मृत्यू तीन वर्षांत ३२ टक्क्यांनी कमी झाले.

बांगलादेशात तीन जिल्ह्यांत गट चालवले. तिथे बाळांच्या मृत्यूत फरक पडला नाही.

आपल्या मुंबईतल्या झोपडपट्ट्यांतही गट चालवले गेले. ४८ वस्त्या होत्या. निम्म्यांत गट, निम्म्यांत नाहीत. २०१२ साली निकाल आला, फरक पडला नाही.

आता तुम्ही आरोग्य खात्यात निर्णय घ्यायला बसला आहात असं समजा. समोर सरकारचा, म्हणजे आपलाच पैसा आहे. ज्याला बैठका हव्या आहेत, तो नेपाळचा कागद दाखवेल. ज्याला नको आहेत, तो मुंबईचा दाखवेल. दोघांचेही कागद खरे आहेत. तुम्ही कुणाचं ऐकाल?

आपण म्हणतो, शितावरून भाताची परीक्षा. ते खरंच आहे, पण भात एकाच पातेल्यात, एकाच चुलीवर शिजलेला असला तर. सात चुलींवर सात पातेली असतील, तर एका पातेल्यातलं शीत चाचपून सातांची परीक्षा होत नाही. साती झाकणं उघडावी लागतात.

ताळेबंद कसा मांडतात

पद्धतशीर आढावा म्हणजे साती झाकणं उघडणं. तो करायची शिस्त ठरलेली आहे. गटाचं लेखापरीक्षण पाहिलं असेल, तर तुम्हाला ती पटकन कळेल.

पहिलं काम, प्रश्न आधी पक्का करायचा. "महिला गट चांगले का?" हा प्रश्न झाला नाही. "गावात प्रश्नोत्तराच्या पद्धतीनं चालणाऱ्या महिला गटांमुळे नवजात बाळांचे आणि आयांचे मृत्यू कमी होतात का?" हा प्रश्न झाला.

दुसरं, त्या प्रश्नावर जगात जेवढे अभ्यास झाले, तेवढे सगळे शोधायचे. आवडते तेवढे नाही, सगळे. फसलेलेही. लेखापरीक्षक काय म्हणतो? सगळी पासबुकं, सगळ्या पावत्या आणा. फक्त नफ्याच्या वह्या दाखवल्या, तर तो लेखापरीक्षण करत नाही, उठून जातो.

तिसरं, चाळण आधीच ठरवायची. कोणता अभ्यास घ्यायचा, कोणता नाही, याचे नियम निकाल पाहण्याआधी लिहून ठेवायचे. नाहीतर नकोसा निकाल आला की माणूस म्हणतो, "हा काही बरोबर वाटत नाही, काढून टाका."

चौथं, आत आलेला प्रत्येक अभ्यास तपासायचा. चिठ्ठ्या प्रामाणिकपणे टाकल्या होत्या का? सगळी बाळं मोजली, की मधेच काही कुटुंबं सुटली?

पाचवं, बेरीज करायची. ही बेरीज साधी नसते. जास्त बाळं मोजणाऱ्या मोठ्या अभ्यासाचं वजन जास्त, लहानाचं कमी. आणि शेवटी या उत्तराबद्दल किती खात्री आहे, तेही स्पष्ट लिहायचं.

ही शिस्त किती महत्त्वाची आहे, हे वैद्यकशास्त्राला फार मोठी किंमत देऊन कळलं. महिने भरायच्या आधी कळा सुरू झालेल्या बाईला एक स्वस्त इंजेक्शन दिलं, तर बाळाच्या फुप्फुसांना बळ येतं, असं न्यूझीलंडमधल्या अभ्यासानं १९७२ साली दाखवलं. पुढे आणखी अभ्यास झाले. पण सगळ्यांची नीट बेरीज करून कुणी मांडली नाही. १९८९ पर्यंत तसा आढावा प्रसिद्धच झाला नव्हता. त्यामुळे बहुतेक डॉक्टरांना इंजेक्शनाचा खरा उपयोग कळला नाही आणि वाचू शकणारी हजारो बाळं गेली. पुरावा होता, पण तो वेगवेगळ्या कपाटांत पडून होता. ब्रिटनमधले डॉक्टर आर्ची कॉक्रेन हेच सांगत आले होते, की डॉक्टरांनी आपल्या सगळ्या चाचण्यांचा नियमित ताळेबंद मांडला पाहिजे. त्यांच्या नावाची कॉक्रेन संस्था १९९३ साली सुरू झाली. ती आजही असे आढावे करते आणि तिच्या बोधचिन्हात त्या इंजेक्शनाच्या अभ्यासांचीच आकृती आहे.

सात अभ्यास, एक लाखाहून जास्त जन्म

आता आपल्या गटांकडे परत येऊ. २०१३ साली महिला गटांचा पद्धतशीर आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सात अभ्यास बसले. भारतातले दोन, बांगलादेशातले दोन, मलावीतले दोन आणि नेपाळातला एक. मिळून १,१९,४२८ जन्म. मुंबईचा आणि बांगलादेशचा "फरक नाही" म्हणणारा अभ्यासही त्यात होता. कुणालाही वगळलं नाही.

बेरीज अशी आली. गट असलेल्या ठिकाणी नवजात बाळांचे मृत्यू २३ टक्क्यांनी कमी. आयांचे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी. पोटातच गेलेल्या बाळांच्या बाबतीत ९ टक्के घट दिसली, पण तो योगायोगही असू शकतो, असं आढाव्यानं स्वच्छ सांगितलं.

इथे एक गोष्ट समजून घेऊ. २३ टक्के हा मधला अंदाज आहे. आढावा म्हणतो, खरी घट १० ते ३५ टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी असावी. आयांच्या बाबतीत ती ६ ते ६८ टक्क्यांच्या मध्ये. बाळांचा अंदाज बऱ्यापैकी आवळलेला आहे, आयांचा फार सैल. कारण आयांचे मृत्यू संख्येनं कमी, त्यामुळे खात्रीही कमी. जो आकडा आपल्या दोन टोकांसकट सांगितला जातो, त्यावर जास्त भरवसा ठेवावा. दुकानदार "शंभर टक्के गुण" म्हणतो, तेव्हा सावध व्हावं.

पण या आढाव्याचं खरं मोल बेरजेत नाही, पुढच्या प्रश्नात आहे. साती अभ्यासांचे निकाल एकमेकांशी जुळत नव्हते. मग कुठे जमलं, कुठे नाही आणि का?

त्यांनी एक गोष्ट शोधली. गावातल्या गरोदर बायकांपैकी किती जणी गटात येत होत्या? जिथे येणाऱ्यांचं प्रमाण जास्त, तिथे मृत्यूतली घटही जास्त. ज्या चार अभ्यासांत १०० गरोदर बायकांपैकी निदान ३० जणी गटात येत होत्या, तेवढेच वेगळे काढले, तर बाळांचे मृत्यू ३३ टक्क्यांनी आणि आयांचे ५५ टक्क्यांनी कमी झाले होते.

बांगलादेशात पहिल्या वेळी फरक का पडला नाही, याचा अंदाज यातून येतो. तिथे सुमारे १,४०० लोकवस्तीमागे एक गट होता. इतक्या लोकांत एक गट म्हणजे गरोदर बाई त्यात असण्याची शक्यता फारच कमी. नंतर त्याच देशात सुमारे ३०० लोकांमागे एक गट असे दाट गट चालवले. या वेळी नवजात बाळांचे मृत्यू ३८ टक्क्यांनी घटले. पहिल्या निकालावरूनच "गटांचा उपयोग नाही" म्हणून दप्तर बंद केलं असतं, तर ही बाळं गेली असती.

आणि मुंबई? तिथे दवाखाने जवळ, बहुतेक बाळंतपणं आधीपासूनच दवाखान्यात, वस्तीतली माणसं सारखी बदलणारी. दुर्गम गावात ज्या गोष्टीनं जीव वाचतो, ती मुंबईत तेवढी उपयोगी पडेलच असं नाही. हा तिथल्या बायकांचा दोष नव्हे. जागा वेगळी, अडचण वेगळी.

निर्णय कसा झाला

हा आढावा समोर ठेवून जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ साली शिफारस केली, की जिथे आरोग्यसेवा पोचायला अवघड आहे, अशा ग्रामीण भागांत असे महिला गट चालवावेत. मात्र "जा आणि गट काढा" एवढंच म्हटलं नाही. बैठका नीट चालवणारी शिकलेली ताई हवी आणि काम कसं चाललंय यावर लक्ष हवं, हेही सांगितलं.

आपल्या देशापुढे आणखी एक प्रश्न होता. संस्थांनी खास नेमलेल्या ताईंऐवजी आशाताईंनी या बैठका घेतल्या तर चालेल का? झारखंड-ओडिशातल्या पाच जिल्ह्यांत तेही तपासलं. गट असलेल्या भागांत हजार जन्मांमागे ३० बाळं गेली, नसलेल्या भागांत ४४. राष्ट्रीय आरोग्य अभियानानं पुढे काही राज्यांत आशाताईंना या बैठकांचं प्रशिक्षण दिलं.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरणही याच वाटेनं गेलं. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी सुरू केली. तिसऱ्या वर्षापर्यंत बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त घटले. हा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. पण तिथे गावं चिठ्ठीनं वाटलेली नव्हती आणि जिल्हाही एकच होता. म्हणून घरभेटींची कल्पना उत्तर प्रदेशात, बांगलादेशात, पाकिस्तानातही तपासली गेली. २००९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी घरभेटींची शिफारस केली आणि २०११ पासून देशभर आशाताईंच्या घरभेटी सुरू झाल्या. आज दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. घरी बाळंतपण झालं असेल, तर पहिल्या दिवशीही. या भेटी म्हणजे नुसता सरकारी शिरस्ता नाही. त्यामागे हजारो बाळांचा हिशेब आहे. आशाताई आली की "सगळं बरं आहे" म्हणून तिला दारातून परत पाठवू नका. बाळ उघडून दाखवा, वजन करू द्या.

आढाव्यालाही एक प्रश्न विचारायचा

आढावा म्हणजे देवाचा कौल नव्हे. त्याला नेहमी एक प्रश्न विचारायचा. हे ज्या गावांत घडलं, ती गावं आमच्यासारखी होती का?

मघाशी सांगितलेल्या इंजेक्शनाचंच पुढे काय झालं, ऐका. त्याचा फायदा चांगल्या दवाखान्यांत सिद्ध झाला होता. मग सहा देशांतल्या साध्या, ग्रामीण ठिकाणीही ते जास्तीत जास्त बायकांना मिळावं, असा प्रयत्न झाला. त्यात आपल्या नागपूरकडची आणि बेळगावकडची गावंही होती. २०१५ साली निकाल आला. लहान बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत, उलट सगळी बाळं धरली तर मृत्यू थोडे वाढले. जिथे महिने नेमके किती भरलेत हे कळत नाही आणि कमी दिवसांच्या बाळाला सांभाळायची सोय नाही, तिथे तेच औषध तसं वागलं नाही. २०२० साली सोयी असलेल्या दवाखान्यांत तपासलं, तेव्हा पुन्हा फायदा दिसला. म्हणून ते कुणाला, कधी, कुठे द्यायचं, हे दवाखान्यातल्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

आपल्या महाराष्ट्रात आता १०० पैकी ९४-९५ बाळंतपणं दवाखान्यात होतात. म्हणजे आपण २००४ सालचं मकवानपूर नाही. तिथल्या बायकांनी ब्लेड आणि स्ट्रेचरवर भर दिला, तो त्यांच्यासाठी बरोबर होता. आपल्या गावात आज काय नडतं? वेळेवर गाडी? नववा महिना लागेपर्यंत न झालेली तपासणी? दवाखान्यातून दुसऱ्याच दिवशी घरी आलेलं अशक्त बाळ? हे नेपाळातला अभ्यास सांगणार नाही. ते आपणच सांगू शकतो. पण बसायचं, विचारायचं, ठरवायचं आणि पुन्हा तपासायचं ही रीत मात्र त्यांच्याकडून घेता येते.

पुढच्या बैठकीसाठी

आता कामाचं बोलू. गावात कुणी नवं चूर्ण, नवी पावडर, नवी योजना घेऊन आलं किंवा मोबाईलवर "हे करा, ते टाळा" असा मजकूर आला, तर हे पाच प्रश्न विचारा.

एक, ज्यांनी हे केलं आणि ज्यांनी केलं नाही, त्यांची तुलना केली का?
दोन, किती जणींवर आणि किती ठिकाणी?
तीन, जिथे उपयोग झाला नाही, ती ठिकाणंही सांगताय का?
चार, टक्के राहू द्या, किती पैकी किती ते सांगा. "३० टक्के घट" ऐकायला मोठं वाटतं. हजारात ३७ ऐवजी २६ असं म्हटलं की ११ बाळं डोळ्यांपुढे येतात.
पाच, आमच्यासारख्या गावात हे तपासलंय का?

ग्रामसभेतही हे प्रश्न चालतात. गावच्या आरोग्य समितीचा पैसा कशावर खर्च करायचा, हे ठरतं तेव्हा तर नक्कीच विचारा. जिथे पुरावा भक्कम आहे, तिथे पैसा आधी जावा.

आणि आपल्या गटासाठी दोन कामं.

पहिलं, गावात आज गरोदर किती आहेत, त्यांची यादी आशाताईंना घेऊन करा आणि त्यातल्या किती जणी आपल्या बैठकीला येतात, ते मोजा. १०० पैकी ३० चा आकडा लक्षात ठेवा. वीस गरोदर असतील, तर निदान सहा हव्यात. बहुतेक गटांत आपण सासवा-जावा असतो. कोवळी सून घरात असते, कारण तिच्या नावावर बचत खातं नाही. तिला सभासद करा असं आम्ही म्हणत नाही, पण आरोग्याच्या बैठकीला तिला घेऊन या. सासूबाईंनी स्वतः सोबत आणली, तर कुणी अडवणार नाही. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आणि ऊसतोडीहून परतलेली बाई यांना यादीतून सुटू देऊ नका.

दुसरं, गावात बाळ गेलं, तर त्याची नोंद होऊ द्या. दोन दिवसांचं होतं, नावही ठेवलं नव्हतं, म्हणून गप्प बसू नका. हे बोलणं किती जड जातं, ते आम्हाला माहीत आहे. त्या आईला दोष द्यायचा नाही, घरच्यांना जाब विचारायचा नाही. पण ते बाळ मोजलं गेलं नाही, तर पुढच्या बाळासाठी काय करायचं, ते कुणालाच कळणार नाही. आज सांगितलेले सगळे आकडे अशाच नोंदींतून उभे राहिले आहेत.

शेवटी, गटातल्या प्रत्येकीला पाठ असावं असं थोडं. नवजात बाळ अंगावर पीत नसेल, हातापायांना गार लागत असेल किंवा तापलं असेल, भराभर श्वास घेत असेल, छाती आत ओढली जात असेल, अंग सैल पडलं असेल किंवा झटके येत असतील, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. बाळाला कपड्यात गुंडाळून आईच्या उराशी धरा आणि १०८ किंवा १०२ ला फोन लावा.

या महिन्याच्या बैठकीत हप्त्याचा हिशेब झाला की पंधरा मिनिटं गरोदर बायकांच्या यादीसाठी ठेवा. किती जणी गरोदर आणि त्यातल्या किती जणी बैठकीला येतात, हे दोन आकडे गटाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तेच पान उघडा आणि ताडून पाहा.